बारावीला ७१.६७ टक्के : नामांकित संस्थांची दारे खरोखरच बंद झाली आहेत का?

जुळेसोलापूरकर

सर्व सदस्यांना नमस्कार.

माझ्या मुलीचा बारावीचा निकाल नुकताच लागला. राज्य मंडळ, विज्ञान शाखा, ६०० पैकी ४३० गुण, म्हणजे ७१.६७ टक्के. दहावीला तिला ९३.४० टक्के होते, त्यामुळे निकालाच्या दिवशी सकाळीच नवी पेठेतून आणून ठेवलेले पेढे डब्यातच राहिले आणि चौथ्या दिवशी मी ते कामवाल्या मावशींना देऊन टाकले. विषयवार गुण असे आहेत : इंग्रजी ६४, मराठी ८१, भौतिकशास्त्र ६७, रसायनशास्त्र ५९, गणित ९१ आणि माहिती तंत्रज्ञान ६८.

चूक कुठे झाली, हे आता आम्हाला दिसते आहे. अकरावीलाच आम्ही तिला एका क्लासच्या 'इंटिग्रेटेड' योजनेत घातले. नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात, शिकवणे मात्र सगळे क्लासमध्ये, असा तो प्रकार होता. दोन वर्षे तिने केवळ बहुपर्यायी प्रश्न सोडवले. पाच-सहा ओळींचे उत्तर मुद्देसूद कसे लिहायचे, याचा सराव तिला कोणी दिला नाही, आणि प्रात्यक्षिकाच्या वह्या परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात रात्री जागून मैत्रिणीच्या वहीवरून उतरवल्या गेल्या. जेईई मेन या अभियांत्रिकीच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतही तिला ८९ पर्सेंटाइलच मिळाले. म्हणजे ज्यासाठी बोर्डाकडे दुर्लक्ष केले, तेही हाती लागले नाही.

तिचे स्वतःचे म्हणणे असे आहे की, तिला अभियांत्रिकी मुळात नकोच होती. संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र शिकायचे आहे, आणि ते चांगल्या ठिकाणी शिकायचे आहे. माझ्या यजमानांचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. त्यांचे गणित सरळ आहे : मुलगी शिकत असेल तर खर्च करू, पण खर्च कशासाठी करतो आहोत हे कळले पाहिजे. माझे धाकटे दीर पुण्यातल्या एका एजंटाचा पत्ता घेऊन आले आहेत, जो काही लाख रुपयांत 'खात्रीचा प्रवेश' देतो म्हणे. नणंदबाई म्हणतात, आता कुठेतरी पदवी होऊ द्या आणि स्थळे पाहायला लागा.

या टक्क्यांवर, प्रवेशासाठी चुरस असते अशा संस्थांचा विचार करण्यात काही अर्थ आहे का, की आम्ही स्वतःची समजूत घालत आहोत? कृपया स्पष्ट लिहावे. धीर देणारे सल्ले घरी पुष्कळ मिळाले आहेत.

---

निवृत्त गणित शिक्षक

ताई, नमस्कार. मी सोलापुरातच कनिष्ठ महाविद्यालयात ३४ वर्षे गणित शिकवले आणि बोर्डाच्या उत्तरपत्रिकाही तपासल्या. आपण विषयवार गुण दिलेत हे फार बरे केलेत, कारण नुसत्या टक्क्यांवरून कोणताही सल्ला देता येत नाही.

सर्वांत आधी तातडीचे काम. रसायनशास्त्राच्या उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवा. गणितात ९१ आणि रसायनात ५९ ही तफावत तपासून पाहण्याजोगी आहे. पुनर्मूल्यांकनासाठी थेट अर्ज करता येत नाही. आधी छायांकित प्रत घ्यावी लागते आणि ती हाती आल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा लागतो. प्रत घरी आली की त्या विषयाच्या एखाद्या अनुभवी शिक्षकासमोर ती ठेवा. बेरीज चुकली आहे का, एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का, पुरवणी जोडलेली आहे का, एवढेच पाहायचे. 'शिक्षकांनी गुण कमी दिले' अशा भावनेने पुनर्मूल्यांकनाला गेलेली बहुतेक मुले हात हलवत परत येतात, हे मी तपासनीसाच्या बाजूने सांगतो.

आता मूळ प्रश्न. बारावीचे टक्के प्रवेशात दोन तऱ्हांनी वापरले जातात आणि पालक या दोहोंची गल्लत करतात. काही ठिकाणी ते उंबरठ्यासारखे असतात. ठरलेली रेषा ओलांडली की पुढे त्यांना काही किंमत नसते; ६१ टक्क्यांचा आणि ९६ टक्क्यांचा विद्यार्थी एकाच रांगेत उभा राहतो आणि निवड प्रवेश परीक्षेवर होते. काही ठिकाणी मात्र टक्केच तराजूत पडतात, म्हणजे गुणवत्ता यादीच त्यांच्यावर लागते. आपल्या मुलीने दुसऱ्या प्रकारच्या ठिकाणी रांगेत उभे राहू नये आणि पहिल्या प्रकारच्या ठिकाणी उंबरठा किती उंच आहे ते आधी मोजून घ्यावे.

मी आपल्या आकड्यांवरच मोजून दाखवतो. एनआयटी आणि आयआयटी या केंद्राच्या अभियांत्रिकी संस्थांसाठी जेईईच्या क्रमांकाखेरीज बारावीला ७५ टक्के लागतात, किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावे लागते. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट ६५ टक्क्यांची आहे. पण हे टक्के सहाही विषयांचे नसून पाच विषयांचे धरतात : भौतिक, रसायन, गणित, एक भाषा आणि आणखी एक विषय. आपल्या मुलीचे ६७, ५९, ९१, मराठीचे ८१ आणि माहिती तंत्रज्ञानाचे ६८ घेतले तर ५०० पैकी ३६६ होतात, म्हणजे ७३.२ टक्के. इंग्रजीचे ६४ बाजूला पडल्याने दीड टक्का वाढला, हे आपल्या लक्षात आले असेल. तरीही नऊ गुण कमीच पडतात. बिट्स पिलानी या खासगी संस्थेचा नियम याहून कडक आहे. तिथे भौतिक, रसायन आणि गणित मिळून ७५ टक्के आणि प्रत्येकात किमान ६० लागतात. तिचे ३०० पैकी २१७ होतात आणि रसायनाचे ५९ एका गुणाने अडतात. याउलट महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीला खुल्या गटासाठी या तीन विषयांत ४५ टक्के पुरतात आणि पुढचे सारे राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेवर ठरते. विज्ञानाचे शिक्षण देणाऱ्या केंद्राच्या आयसर संस्थांसाठी बारावीला ६० टक्के लागतात आणि निवड त्यांच्या स्वतःच्या अभिरुची चाचणीवर होते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या क्लॅट परीक्षेला खुल्या गटातून ४५ टक्के पुरतात.

तिला अभियांत्रिकी नको आहे हे वाचले. तरीही हा हिशेब मांडला, कारण ७१.६७ हा आकडा एकाच वेळी काही दारांना अडतो आणि काही दारांत कोणाला दिसतही नाही, हे घरातल्या मंडळींना कागदावर दाखवता यावे.

श्रेणीसुधार योजनेचीही माहिती असू द्या. उत्तीर्ण विद्यार्थ्याला मंडळाच्या लगतच्या परीक्षांना पुन्हा बसून गुण वाढवता येतात. मात्र जिथे जायचे आहे तिथे उंबरठा अडवत असेल तरच त्यात वर्ष घालावे. अन्यथा ७१ चे ८४ करण्यात काढलेले महिने प्रवेश परीक्षेच्या अभ्यासातून वजा होतात.

एजंटाला एक रुपयाही देऊ नका. जिथे प्रवेश खरोखर चुरशीचा असतो तिथे तो विकत मिळत नाही, आणि जिथे विकत मिळतो तिथे एजंटाशिवायही मिळतो.

---

२०१४ची तुकडी

सरांच्या उत्तराशी सहमत आहे, पण एक कडू आठवण जोडतो. मी २०१४ साली बारावी झालो. त्या काळात जेईई मेनच्या गुणवत्ता यादीत बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होते आणि आपल्या राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशातही बारावी आणि जेईई निम्मे-निम्मे धरले जात. माझा जेईईचा गुणांक चांगला होता, बोर्डाने मला खाली ओढले. पुढे २०१६ पासून राज्याने पुन्हा सीईटी आणली आणि २०१७ पासून जेईईतले ते वजनही काढून टाकले. आजच्या मुलांना घरातली मोठी माणसे जी भीती घालतात, ती बऱ्याच अंशी आमच्या वेळच्या नियमांची भीती आहे.

मात्र सगळेच आलबेल आहे, असेही मी म्हणणार नाही. मी सोलापुरातच अभियांत्रिकी केली, तीन वर्षे नोकरी केली आणि व्यवस्थापनाच्या प्रवेशाची कॅट परीक्षा दिली. तेव्हा कळले की, काही जुन्या आयआयएम मुलाखतीला बोलावताना दहावी-बारावीचेही गुण मोजतात. माझे ६९ टक्के आठ वर्षांनी पुन्हा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. पुढे कधी व्यवस्थापनाकडे वळायचा विचार असेल तर ही गोष्ट आजच माहीत असलेली बरी.

---

जुळेसोलापूरकर

सर, आपला हिशेब मी छापून काढून यजमानांना दाखवला. कारखान्यातल्या माणसाला 'नऊ गुण कमी' ही भाषा लगेच कळते. छायांकित प्रतीसाठी अर्ज केला आहे. दीरांच्या हातातला तो पत्ता सध्या देवघराच्या ड्रॉवरमध्ये आहे, तिथून तो कुठे जात नाही.

संख्याशास्त्रासाठी नेमके कुठे पाहावे, हे कोणी सांगू शकेल का? मुलीने कोलकात्याच्या संस्थेचे नाव घेतले, पण तिथे आपल्याकडचे कोणी गेल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

---

पूर्वभागातली

काकू, मी गेले होते. पूर्व भागातल्या तेलुगू भाषक घरातली आहे, वडील यंत्रमागावर कामाला होते आणि आई विड्या वळत असे. बारावीला मला ६९ टक्के होते. आपल्या मुलीपेक्षा अडीच टक्क्यांनी कमीच.

भारतीय सांख्यिकी संस्था, म्हणजे आयएसआय, ही प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात स्थापन केली. संख्याशास्त्राची पदवी, ज्याला बी.स्टॅट. म्हणतात, कोलकात्यात आहे आणि गणिताची पदवी, बी.मॅथ., बंगळुरूच्या केंद्रात आहे. तिथे बारावी उत्तीर्ण असणे आणि बारावीला गणित व इंग्रजी असणे एवढेच पाहतात. टक्क्यांची अट नाही. शिक्षण शुल्क घेत नाहीत, उलट विद्यावेतन मिळते, आणि ते पुढे चालू राहणे कामगिरीवर अवलंबून असते. हे घरी सांगितले तेव्हा माझ्या वडिलांना वाटले की, ही काहीतरी फसवणूक आहे. पैसे न घेता वर पैसे देणारे कॉलेज त्यांनी कधी ऐकलेच नव्हते. शेवटी मी त्यांना वाचनालयातल्या संगणकावर संस्थेचे संकेतस्थळ दाखवले. ते बराच वेळ संस्थेच्या इमारतीच्या छायाचित्राकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "तिथे जेवायला भात तरी मिळेल ना?"

उंबरठा नाही म्हणजे परीक्षा सोपी आहे, असे कृपया समजू नका. परीक्षा मे महिन्यात असते. माझ्या वेळी सकाळी ३० बहुपर्यायी प्रश्न होते : बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला शून्य, आणि प्रश्न सोडून दिला तर एक गुण. म्हणजे आपल्याला काय येत नाही हे ओळखण्यालाही तिथे किंमत होती. क्लासमध्ये ठोकताळ्याने पर्याय निवडायची सवय लागलेल्या माझ्यासारख्या मुलीला पहिल्या सराव चाचणीत त्यानेच मारले. दुपारच्या पेपरात आठ प्रश्न होते आणि त्या प्रत्येकाचे उत्तर सविस्तर सिद्ध करून लिहायचे होते.

त्या पेपराचा पिंड कसा असतो हे कळावे म्हणून एक अगदी प्राथमिक उदाहरण देते. खरे प्रश्न याहून पुष्कळ अवघड असतात. सलग चार नैसर्गिक संख्यांच्या गुणाकारात एक मिळवला तर नेहमी पूर्ण वर्ग संख्याच मिळते, हे सिद्ध करा. २, ३, ४, ५ यांचा गुणाकार १२०, त्यात एक मिळवला की १२१, म्हणजे ११ चा वर्ग. मुले अशी चार-पाच उदाहरणे ताडून पाहतात आणि थांबतात. पण ताडून पाहणे म्हणजे सिद्ध करणे नव्हे. पहिली संख्या n धरून पहिल्या आणि चौथीचा गुणाकार एकीकडे, दुसऱ्या आणि तिसरीचा दुसरीकडे केला, तर या दोन गुणाकारांत कायम दोनचाच फरक राहतो, आणि त्या दोहोंच्या मधल्या संख्येचा वर्ग हेच उत्तर असते. आपल्या मुलीला हे वाचून कागद-पेन घ्यावेसे वाटले, तर ती योग्य रस्त्यावर आहे. पेपर झाल्यावर लगेच उत्तरसूची शोधावीशी वाटली, तर थोडा विचार करा.

बारावीनंतर मला पहिल्या प्रयत्नात यश मिळाले नाही. मी इथल्याच एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आणि वर्षभर अभ्यास केला. सकाळी कॉलेज, दुपारी वाचनालय, संध्याकाळी शेजारच्या दोन मुलांची शिकवणी. मला निव्वळ घरी बसून 'ड्रॉप' घेणे जमले नसते, कारण आमच्या एका खोलीच्या घरात दिवसभर माणसे असत आणि रिकामी दिसणारी मुलगी म्हणजे कामाला मोकळी, असा हिशेब असे. मे महिन्यात सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघून मुंबईच्या केंद्रावर परीक्षा दिली. नंतर मुलाखत झाली आणि प्रवेश मिळाला. तिथे माझी बारावीची गुणपत्रिका उत्तीर्ण असल्याचा पुरावा म्हणून पाहिली गेली, त्यापलीकडे तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही.

आता एक व्यवहारातली गोष्ट, जिच्यापायी माझा प्रवेश जवळजवळ हुकला होता. आपण मागासवर्गीय प्रवर्गात असाल तर लक्षात घ्या की, राज्याचे प्रवर्ग आणि केंद्राची इतर मागासवर्गाची यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्रीय संस्थांना केंद्राच्या नमुन्यातले नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र लागते आणि ते बहुधा त्या आर्थिक वर्षातले, म्हणजे १ एप्रिलनंतरचे मागतात. माझ्या वडिलांनी एक दिवसाची मजुरी बुडवून एका कार्यालयातून जो कागद आणला, तो राज्याच्या नमुन्यातला निघाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच रांग. खिडकीवरच्या माणसाने 'दोन्ही एकच असतात हो' असे सांगितले होते. ते एकच नसतात.

मुलगी गणितात खरोखर रमत असेल तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचीही माहिती काढा. तिथेही निवड त्यांच्या स्वतःच्या परीक्षेवर होते आणि तिचा पेपर आयएसआयच्या अभ्यासाशी बराच जुळतो.

---

दिल्लीहून सोलापुरी

अर्थशास्त्राच्या बाजूने मी थोडे लिहिते. दिल्ली विद्यापीठात २०२१ पर्यंत बारावीच्या टक्क्यांवर यादी लागत असे आणि त्या वर्षी काही महाविद्यालयांतल्या काही विषयांची पहिली यादी चक्क १०० टक्क्यांवर थांबली होती. त्या पद्धतीत ७१ टक्क्यांच्या मुलीने अर्ज भरण्यालाही अर्थ नव्हता. २०२२ पासून तिथले प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतात. बारावी उत्तीर्ण असावे लागते, आणि दोन विद्यार्थ्यांचे गुण अगदी समान झाले तर तिढा सोडवायला बारावीचे गुण पाहतात, इतकेच.

अर्थशास्त्र ऑनर्ससाठी एक भाषा, गणित आणि आणखी दोन विषय, अशी साधारण जुळणी लागते. गेल्या काही काळातल्या स्वरूपात प्रत्येक पेपर ५० प्रश्नांचा आणि तासाभराचा आहे. बरोबर उत्तराला पाच गुण आणि चुकीला एक वजा. आपल्या मुलीने दोन वर्षे बहुपर्यायी प्रश्नच सोडवले आहेत, त्याचा उपयोग होणार असेल तर इथे होईल. फक्त अभ्यासक्रम एनसीईआरटीचा, म्हणजे केंद्रीय मंडळाच्या शाळांतल्या पुस्तकांचा असतो, त्यामुळे आपल्या मंडळाच्या पुस्तकांवर विसंबून राहू नये. भाषांमध्ये मराठीही घेता येते. मी मात्र इंग्रजी घेतली, कारण इंग्रजी पुस्तकांशी दोन वर्षे झटापट चाललीच होती.

दिल्लीचे खरे ओझे खर्चाचे आहे. शासकीय महाविद्यालयांचे शुल्क परवडते, पण वसतिगृहाच्या जागा थोड्या असतात आणि बाहेर खोली घेऊन राहण्याचा खर्च शुल्काच्या कितीतरी पट होतो. आपल्या यजमानांनी विचारलेला प्रश्न, खर्च कशासाठी, तो इथे लागू पडतो. मला तो खर्च वसूल झाला असे वाटते. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला तसे वाटत नाही.

या वर्षी सीयूईटीचा अर्ज भरला नसेल, तर हा पुढच्या वर्षीचा बेत समजावा. अर्ज परीक्षेच्या कितीतरी आधी भरून घेतात आणि बारावीच्या निकालानंतर जागे झालेल्यांना तो मिळत नाही. माझ्या चुलतभावाचे तसेच झाले.

जाता जाता एक. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे तुळजापूर केंद्र १९८६ पासून आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. तिथल्या पदवीच्या प्रवेशाला देशभरातून मुले सीयूईटी देऊन येतात, आणि आपण सोलापूरकर मात्र त्या रस्त्याने फक्त आईच्या दर्शनाला जातो.

---

परदेशस्थ, मूळ बाळे

कोणी अमेरिकेचा विषय काढलेला नाही, पण निकालानंतर तो घरोघरी निघतोच, म्हणून थोडक्यात लिहितो. तिथल्या चुरशीच्या विद्यापीठांत बारावीचा एक आकडा पाहत नाहीत. नववीपासून चारही वर्षांच्या गुणपत्रिका मागतात, शिक्षकांची शिफारसपत्रे मागतात आणि ६५० शब्दांपर्यंतचा एक निबंध मागतात. ९३ वरून ७१ वर घसरण झाली असेल तर तिचे कारण अर्जात सांगायला स्वतंत्र जागा असते. ते कारण साध्या शब्दांत, रडगाणे न गाता लिहावे. कोविडच्या काळात अनेकांनी ऐच्छिक केलेली सॅट ही प्रवेशाची परीक्षा एमआयटीने २०२२ मध्ये पुन्हा सक्तीची केली आणि त्यानंतर डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड यांनीही ती परत आणली. कमी टक्क्यांच्या मुलांना याचा उलट फायदाच होऊ शकतो, कारण सॅटच्या गणितात चांगले गुण असले तर गुणपत्रिकेपलीकडचे काहीतरी दाखवता येते.

मात्र एकच सांगतो. परदेशी विद्यार्थ्याची आर्थिक स्थिती न पाहता प्रवेश ठरवणारी आणि मग संपूर्ण गरज भागवणारी विद्यापीठे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि तिथली चुरस सर्वांत जास्त आहे. बाकीच्या ठिकाणी मदतीचा अर्ज केला की, प्रवेशाची शक्यता कमी होते. कारखाना गहाण ठेवून जाण्याचा हा रस्ता नव्हे.

---

निवृत्त गणित शिक्षक

'पूर्वभागातली' यांचे उत्तर मी दोनदा वाचले. सोलापुरात राहून बी.एस्सी. करत परीक्षा देण्याचा त्यांचा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण पुढच्या मे महिन्यातही यश आले नाही तरी वर्ष हातचे जात नाही. संख्याशास्त्र विषय घेऊन इथेच पदवी पूर्ण केली, तर तीन वर्षांनी दुसरी संधी येते. आयआयटींच्या एम.एस्सी. प्रवेशासाठी जॅम परीक्षा असते, तिच्यात गणितीय संख्याशास्त्राचा स्वतंत्र पेपर आहे, आणि आयएसआयच्या एम.स्टॅट. या पदव्युत्तर अभ्यासक्रमालाही बाहेरच्या पदवीधरांना बसता येते. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी पदवी सोलापुरात आणि पदव्युत्तर शिक्षण आयआयटीत केले. त्यांच्या बारावीच्या टक्क्यांची आठवण आता मलाही नाही, आणि मी त्यांचा वर्गशिक्षक होतो.

प्रवेश घेताना मूळ कागदपत्रांची काळजी घ्या. पडताळणीपुरती मूळ गुणपत्रिका दाखवावी, पण महाविद्यालयाने ती ठेवून घेऊ नये, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. शाळा सोडल्याचा दाखला मात्र द्यावा लागतो, म्हणून त्याच्या साक्षांकित प्रती आधीच काढून ठेवा. पुढच्या वर्षी संस्था बदलायची वेळ आली, तर धावपळ तिथेच होते.

---

जुळेसोलापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण छायांकित प्रतीची वाट पाहत होते.

प्रत आली. सरांच्याच ओळखीतल्या एका रसायनाच्या मॅडमकडे मुलीला घेऊन गेले. त्यांनी पान न् पान पाहिले. बेरीज बरोबर होती, सारे प्रश्न तपासलेले होते. सेंद्रिय रसायनाच्या दोन प्रश्नांत मुलीने केवळ अंतिम उत्पादनाचे नाव लिहिले होते, अभिक्रिया लिहिलीच नव्हती. तीन गुणांच्या प्रश्नाला तिने पर्याय निवडल्यासारखे एका ओळीत उत्तर दिले होते. मॅडम म्हणाल्या, "उत्तर बरोबर आहे, पण तू मला काहीच सांगितलेले नाहीस." परत येताना मुलगी रिक्षात गप्प होती. सात रस्ता आल्यावर म्हणाली, "आई, त्या ताईंनी लिहिलंय ना, ताडून पाहणं म्हणजे सिद्ध करणं नव्हे, ते हेच असणार."

पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केलेला नाही. तिने इथेच बी.एस्सी.ला संख्याशास्त्र विषय घेऊन प्रवेश घेतला आहे. आयएसआय आणि सीयूईटी, दोन्ही द्यायचे ठरले आहे. केंद्राच्या नमुन्यातला दाखला आम्हालाही लागणार आहे, म्हणून एप्रिलच्या पानावर मी आत्ताच तशी खूण करून ठेवली आहे. यजमानांनी कारखान्यातल्या हिशेबाच्या खोलीत तिच्यासाठी टेबल टाकून दिले आहे. मागांचा आवाज येतो, पण ती म्हणते की, त्या आवाजात घरातल्यापेक्षा शांतता आहे.

'पूर्वभागातली', सलग चार संख्यांचा तो प्रश्न तिने सोडवला. आता ती विचारते आहे की, सलग चार सम संख्या घेतल्या तर कितीने वाढवावे लागेल. मला त्यातले काही कळत नाही. तिला उत्तर सांगू नका, एवढीच विनंती आहे. तिने स्वतःच तसे लिहायला सांगितले आहे.